कराची भीती आणि बहिणीचा हिस्सा

२०२४ ची लोकसभेची निवडणूक होऊन गेली. आमचे हेदवी गाव रत्नागिरी जिल्ह्यात असले, तरी गुहागर तालुक्याचे मत जाते रायगड मतदारसंघात. ७ मे रोजी भर उन्हात लोकांनी रांगा लावून मतदान केले आणि ४ जूनला कळले की सुनील तटकरे यांनी अनंत गीते यांना ८२ हजारांहून अधिक मतांनी हरवून जागा राखली. याच दोघांत २०१४ साली अवघ्या २,११० मतांचा फरक होता आणि तेव्हा गीते जिंकले होते. कोण का जिंकले, कोण का हरले, याची चर्चा चहाच्या टपरीपासून मशिदीच्या ओट्यापर्यंत भरपूर झाली. तिच्यात आम्ही भर घालत नाही. पण या निवडणुकीत आमच्या मोहल्ल्यात एक नवाच प्रश्न ऐकू आला, त्याबद्दल आज दोन शब्द बोलायचे आहेत.

एरवी प्रचारात रस्ता, पाणी, एस.टी., मोबाईलची रेंज असे विषय असतात. या वेळी घरातल्या बायका विचारत होत्या, “माणूस गेला की त्याचे अर्धे घर सरकार घेणार म्हणतात, खरे काय?” कुवेतमध्ये तीस वर्षे काढून आलेल्या एका चाचांनी तर बागेचा सातबारा काढून उशाशी ठेवला होता.

हा प्रश्न आला कुठून? २१ एप्रिलला राजस्थानात बांसवाड्याच्या सभेत पंतप्रधानांनी आरोप केला की काँग्रेस सत्तेत आली तर लोकांची संपत्ती, बायकांचे सोने, अगदी मंगळसूत्रही घेऊन ते घुसखोरांना आणि जास्त मुले असणाऱ्यांना वाटेल. बोट कोणाकडे होते हे आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचे उदाहरण दिले: तिथे धनिक माणूस गेला की ५५ टक्के सरकारकडे जाते आणि ४५ टक्के मुलांकडे, यावर आपल्याकडेही चर्चा व्हावी. मग काय विचारता! भाजप म्हणाला, काँग्रेस जिवंतपणीही लुटेल आणि मेल्यावरही. काँग्रेस म्हणाली, हे पित्रोदांचे वैयक्तिक मत, आमच्या जाहीरनाम्यात असे काही नाही. उलट भाजपच्याच जयंत सिन्हांनी पूर्वी अशा कराची बाजू घेतली होती. दोन्हीकडच्या चित्रफिती व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आमच्या नारळी-पोफळीच्या बागांपर्यंत पोचल्या. भीती पोचली, माहिती मात्र वाटेतच राहिली.

म्हणून आधी माहिती. भारतात असा कर एकेकाळी होता. १९५३ साली संसदेने मृत्यूनंतरच्या संपत्तीवर कर बसवणारा कायदा केला. त्याचे वरचे दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेले होते, पण ते फार मोठ्या इस्टेटींसाठी. हाती येणारी रक्कम थोडी, वसुलीचा आणि कोर्टकज्ज्यांचा खर्च मोठा, म्हणून राजीव गांधींच्या सरकारात अर्थमंत्री असलेल्या विश्वनाथ प्रताप सिंहांनी १९८५ साली तो रद्द केला. तेव्हापासून आजपर्यंत भारतात वारशाने मिळालेल्या घरावर, बागेवर किंवा सोन्यावर वारसा कर नाही.

अमेरिकेचेही नीट पाहू. तिथे संघराज्याचा हा कर १९१६ पासून आहे आणि त्याचा सर्वांत वरचा दर ४० टक्के आहे. काही राज्ये आपला वेगळा कर लावतात. पण २०२४ साली माणशी १ कोटी ३६ लाख डॉलरपर्यंतची मालमत्ता संघराज्याच्या करातून माफ होती. आपल्या हिशेबाने ही रक्कम ११० कोटी रुपयांच्या वर जाते. म्हणजे तिथल्याही सर्वसाधारण घराला हा कर शिवत नाही. तरीसुद्धा तिथला एक पक्ष त्याला ‘मृत्यूकर’ म्हणतो, दुसरा म्हणतो श्रीमंतांनी आपला वाटा दिलाच पाहिजे, आणि काँग्रेस म्हणजे त्यांची संसद निवडायची वेळ आली की हा वाद पुन्हा तापतो. कर हा हिशेबाचा विषय आहे. निवडणुकीत तो भीतीचा विषय होतो, तिथेही आणि इथेही.

आता आपण खरोखर भरतो त्या कराकडे वळू. आमच्याकडे एक तरुण मोठ्या तावातावाने म्हणाला, “आपण कुठे कर भरतो? आयकर तर नोकरदार भरतात.” त्याला आम्ही दुकानातली बिले काढायला सांगितली. २०२४ साली अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटे आणि मोबाईलचे रिचार्ज यांवर १८ टक्के जीएसटी होता. खाद्यतेल, साखर, चहा यांवर ५ टक्के. जुलै २०२२ पासून पिशवीबंद, लेबल लावलेले पीठ-तांदूळही ५ टक्क्यांत आले. पेट्रोलवर केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा. शिवाय ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी. मोलमजुरी करणारी विधवा साबणाच्या वडीवर जो दर देते, तोच दर बंगलेवाला देतो. तेव्हा ‘आम्ही करदाते आणि ते फुकटे’ असे कोणी म्हणाले, तर मान खाली घालू नका. कर आपणही भरतो, म्हणून हिशेब मागण्याचा हक्कही आपला आहे.

हे सगळे एका घरी सांगत असताना आतून एक भाबी बाहेर आल्या. म्हणाल्या, “सरकार काही घेत नाही, हे कळले. पण आमच्या अब्बांच्या बागेतला माझा हिस्सा मग कोणी घेतला?” ओट्यावर बसलेले सगळे गप्प झाले.

वाचक बंधु-भगिनींनो, खरा विषय इथे सुरू होतो. सरकार वारसा काढून घेईल या भीतीने आपण दोन महिने घाबरलो. पण आपल्या कितीतरी घरांत बहिणीचा, आईचा, मुलीचा वारसा सरकारने घेतलेला नाही. तो घरातच अडकला आहे.

कुरआनच्या सूरह निसामध्ये अल्लाहतआलाने वारसांचे हिस्से स्वतः ठरवून दिले आहेत. आईवडिलांनी आणि जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवले त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो वा जास्त, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. मुलगा-मुलगी किंवा नवरा-बायको यांच्या हिश्श्यांबाबत शाफई आणि हनफी यांच्यातही मतभेद नाही. आणि वारशाच्या बाबतीत देशाचा कायदाही मुसलमानांना शरीयत लागू करतो.

एक साधे उदाहरण घ्या. मरहूम वडिलांची ४० गुंठे बाग आहे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज फेडायचे. पत्नीचा मेहर दिलेला नसेल तर तेही कर्जच. मग वसीयत असेल तर ती एक तृतीयांशापर्यंत. या सगळ्यानंतर ४० गुंठे उरले असे धरू. पत्नीला आठवा भाग, म्हणजे ५ गुंठे. उरलेल्या ३५ गुंठ्यांचे पाच भाग: प्रत्येक मुलाला दोन, मुलीला एक. मुलांना प्रत्येकी १४ गुंठे, मुलीला ७ गुंठे. पाचवी-सहावीतले मूलही हे गणित पाटीवर सोडवेल. मग मोठ्यांना ते का सुटत नाही?

कारण मध्ये येते हक्कसोडपत्र. वडील गेले की तलाठ्याकडे वारस नोंद होते. नियमाने त्यात सर्व वारसांची नावे येतात, मुलींचीही. मग काही महिन्यांनी भाऊ बहिणीला गाडी करून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो. बाहेर जेवण होते, साडी नाहीतर ड्रेसचे कापड मिळते आणि सह्या होतात. वाडवडिलांच्या मिळकतीतला हक्क भावाच्या नावे विनामोबदला सोडायला २०२४ च्या मध्यापर्यंत मुद्रांक लागत होता २०० रुपयांचा. वारशावर ४० टक्के कर बसेल म्हणून आपण हवालदिल झालो, आणि इथे २०० रुपयांच्या कागदावर बहिणीचा पूर्ण हिस्सा गेला, शंभर टक्के!

यावर ठरलेली उत्तरे ऐकायला मिळतात. “तिच्या लग्नात आम्ही खर्च केला.” लग्नातला खर्च हा वारसा नव्हे, वारसा सुरू होतो मृत्यूनंतर. भावाच्याही लग्नात मांडव पडला होता, त्याचा हिस्सा कोणी कापला नाही. “वडिलांनी जिवंतपणीच तिच्याकडून लिहून घेतले होते.” वडील हयात असताना वारशाचा हक्क जन्मालाच येत नाही, मग तो सोडणार कसा? “ती स्वखुशीने सोडते.” खुशी ओळखण्याची एक कसोटी आहे. आधी तिचा हिस्सा मोजून, तिच्या नावावर चढवून, तिच्या हातात द्या. मग वर्ष-दोन वर्षांनी ती तो भावाला परत देते का ते पाहा. दिला तर ती खुशी. पण सही नाही केली तर माहेरचा दरवाजा बंद होईल, ईदला कोणी बोलावणार नाही, या धास्तीने केलेल्या सहीला खुशी म्हणता येत नाही.

आम्ही भावांना दोष देऊन थांबत नाही. बागेचे तुकडे पडतात, कलमांची देखभाल एकटा भाऊ करतो, बहीण मुंब्र्याला नाहीतर दुबईला असते, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर मार्ग आहेत. बाग एकत्र ठेवून दर हंगामाच्या उत्पन्नातून मेहनत आणि खर्च वजा करून बहिणीचा हिस्सा देता येतो. भावाने योग्य किंमत देऊन तिचा हिस्सा विकत घेता येतो. जमीन नको असेल तर घर किंवा रोख रकमेत हिशेब करता येतो. फक्त हिशेब झाला पाहिजे, तोही तिच्यासमोर.

बहिणींनाही एक सांगणे आहे. वारस नोंदीसाठी अर्ज कोणीही वारस करू शकतो, त्याला भावाची परवानगी लागत नाही. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस असतात, ते घरच्या गडबडीत निघून जाऊ देऊ नका. सातबारा आता ऑनलाइन पाहता येतो. वर्षातून एकदा मुलाला किंवा भाच्याला सांगून पाहा. आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नका, मग तो कागद कोणीही पुढे करो. वाचता येत नसेल तर एखाद्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. आपल्या मोहल्ल्यांत आता त्यांची कमतरता नाही.

निवडणुका पुढेही येतील. पुन्हा गाड्या येतील, भोंगे वाजतील, कोणी काही देण्याचे वचन देईल तर कोणी काही जाण्याची भीती घालेल. त्या वेळी जो उमेदवार कराबद्दल बोलेल त्याला विचारा: हा कर आज आहे का? कोणावर आहे? किती आहे? आणि गोळा झालेला पैसा आमच्या गावात कुठे दिसतो? चारही उत्तरे मिळाली तर ऐकून घ्या, नाहीतर सलाम करून निरोप द्या.

पण निवडणुकीची वाट न पाहता करण्यासारखे एक काम आपल्या घरात आहे. ज्यांच्या घरी मरहूम वडिलांची किंवा आजोबांची मिळकत अजून वाटायची राहिली आहे, त्यांनी या पावसाळ्यात सगळ्या भावंडांना एकत्र बसवावे, एखाद्या जाणकार आलिमाकडून हिस्से काढून घ्यावेत आणि बहिणीचे नाव सातबाऱ्यावर ठेवावे. हा हिशेब सरकार मागणार नाही. जो मागणार आहे, त्याच्याकडे कोणत्याही पक्षाची ओळख चालत नाही. अल्लाह आपल्या सर्वांना हक्कदाराचा हक्क देण्याची तौफीक देवो. आमीन.