काळ्या धुराचे उपासक

वाफेच्या इंजिनाचें छायाचित्र म्हटलें कीं त्यांत काळाभोर धूर पाहिजेच, अशी आपल्याकडील हौशी मंडळींची ठाम समजूत झालेली दिसते. प्रदर्शनांत पाहा, दिनदर्शिकेवर पाहा, धुराड्यांतून निघालेल्या काजळीनें निम्में आकाश व्यापलेलें असावयाचेंच! ह्यालाच ते इंजिनाचा रुबाब म्हणतात. माझें म्हणणें असें कीं, हा रुबाब नसून इंजिनाची विटंबना आहे. आणि ती करणारे स्वतःस इंजिनाचे भक्त म्हणवितात, ही अधिक खेदाची गोष्ट होय.

काळा धूर म्हणजे काय? वायां गेलेलें जळण. कोळसा तापला म्हणजे प्रथम त्यांतून ज्वालाग्राही वायु सुटतात. त्यांस पुरेशी हवा व उष्णता मिळाली तर ते भट्टींतच जळून पाणी तापवितात. न मिळाली तर त्यांतील कार्बन काजळीच्या रूपानें धुराड्यावाटे निघून जातो. म्हणून कसलेला फायरमन एकदम ढीग ओतीत नाहीं. थोडाथोडा, वारंवार, आणि जेथें विस्तव पातळ झाला असेल तेथें नेमका कोळसा टाकतो. फावडें मारल्यावर क्षणभर धूर काळवंडणें साहजिक आहे. परंतु तो लागलीच फिकट व विरळ होणें, हीच त्याच्या कसबाची खूण.

दार्जिलिंगची दोन फुटी रेल्वे १८८१ सालीं पुरी झाली. १९९९ मध्यें युनेस्कोनें तिला जागतिक वारशाचा मान दिला. तेथील 'बी' वर्गाच्या इंजिनांचा आराखडा १८८९ चा. गेल्या हिवाळ्यांत घूम स्थानकाजवळ मी जें पाहिलें तें असें: एका सद्‌गृहस्थांनीं फायरमनच्या हातावर नोट ठेवून 'चांगला काळा धूर काढा' असें फर्माविलें. त्या बिचाऱ्यानें चार फावडीं अधिक कोंबलीं, लोट उठला, कॅमेरे खटखटले. शेजारीं उभा असलेला तरुण मदतनीस हें सारें निमूटपणें पाहत होता. त्या दिवशीं तो काय शिकला असेल?

कोणी म्हणेल, ह्याच हौशी लोकांच्या पैशावर तीं इंजिनें जगलीं आहेत. हें मी नाकारीत नाहीं; त्यांचे उपकारच आहेत. पण जगविलें काय, हा प्रश्न उरतोच. चित्तरंजनच्या कारखान्यानें १९७२ नंतर वाफेचें इंजिन बांधलें नाहीं. बांधलेलीं इंजिनें संग्रहालयांत ठेवतां येतात. हातांतील कसब तसें ठेवतां येत नाहीं. तें एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातें, आणि चुकीलाच बक्षीस मिळूं लागलें तर पुढच्या पिढीच्या हातीं चूकच जाते.

गवयानें बेसूर गावें म्हणून त्यास कोणी बिदागी देत नाहीं. मग येथेंच हा उलटा न्याय कां? दार्जिलिंगच्या चढावर इंजिनाच्या पुढें बसून निसरड्या रुळांवर हातानें वाळू टाकणारा माणूस असतो; त्याचें छायाचित्र घ्या. भट्टीच्या उजेडांत घामानें निथळणारा फायरमन असतो; त्याचें घ्या. आणि बक्षीस द्यावयाचेंच असेल, तर ज्याच्या धुराड्यावर धूर दिसेल न दिसेल इतका विरळ असेल, त्यासच द्या. चित्र कदाचित् फिकें येईल. परंतु तें इंजिनाचें चित्र असेल.