म्हातारपणाचीही जात असते!

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात संशोधन फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून विद्यार्थी काय दिवे लावणार, असा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत केला होता. चार दिवस गदारोळ झाला आणि विषय मागे पडला. आम्हाला मात्र त्या सवालाचे उत्तर द्यावेसे वाटते. कोणता दिवा लावायचा राहिला आहे, हे आम्ही एका विषयापुरते सांगतो. तो विषय आहे म्हातारपणाचा.

देश म्हातारा होत चालला आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे १० कोटी ३८ लाख होती. २०५० पर्यंत हा आकडा ३० कोटींच्या पुढे जाईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढील सुमारे ७२ हजार लोकांची देशभर पाहणी केली. काम मोठे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आकडे गोळा करणे वेगळे आणि त्या आकड्यांना प्रश्न विचारणे वेगळे. प्रश्न कोण विचारतो, यावर उत्तर ठरत असते.

पहिला प्रश्न असा की, साठीपर्यंत पोहोचतो कोण? २०२२ मध्ये नऊ राज्यांतील आयुर्मानाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक, तर आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी असल्याचे त्यात दिसले. यातला निम्म्याहून कमी फरक गरिबीमुळे होता. म्हणजे आर्थिक स्थिती सारखी धरली तरी जात आयुष्य कापतेच! ‘आता कुठे राहिली जात?’ असे विचारणाऱ्यांनी हा निष्कर्ष वाचावा. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ऊठसूट फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या या राज्यात दलित माणूस सवर्णापेक्षा किती वर्षे आधी मरतो, हे शोधायला कोण पुढे येणार?

दुसरा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. साठी म्हणजे म्हातारपण हे ठरवले कोणी? पंख्याखाली बसून पेन्शनीत निघणाऱ्याची साठी आणि गटारात उतरणाऱ्याची, वीटभट्टीवर राबणाऱ्याची, कचरा वेचणाऱ्या बाईची साठी एकच कशी? बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ महिलांची गर्भाशये काढलेली निघाली. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायाही होत्या. ज्या बाईचे कंबरडे चाळिशीच्या आत मोडले, तिचे म्हातारपण वयाच्या दाखल्यासाठी थांबत नाही. सरकारची श्रावणबाळ योजना मात्र तिला ६५ वर्षे पूर्ण करून या, असे सांगते. रक्कम किती? २०२३ मध्ये ती महिना १,५०० रुपये झाली. आणि त्या वयापर्यंत जी जगलीच नाही, तिच्या वाट्याचे पैसे तिजोरीतच राहिले!

हे प्रश्न वस्तीतून शिकून वर आलेल्या मुलामुलींना सुचतील, कारण त्यांनी आपल्याच घरात पन्नाशीत वाकलेली माणसे पाहिली आहेत. पण एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर संशोधनाला आणखी चार-पाच वर्षे लागतात. तेवढा काळ घरी पैसे न पाठवता राहणे आमच्या किती पोरांना परवडते? म्हणून शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नव्हे. ज्ञानाच्या दारात उभे राहण्याचे ते भाडे आहे.

आणि नेमके हेच भाडे कापले जात आहे. २००५-०६ मध्ये अनुसूचित जातींसाठी राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. पुढे तिचे नाव बदलले आणि तिला नेट परीक्षेची अट जोडली गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट नसलेल्या संशोधकांची फेलोशिप बंद करायचे ठरवले, तेव्हा विद्यार्थ्यांना दिल्लीच्या रस्त्यावर यावे लागले. त्याच वर्षी हैदराबादला रोहित वेमुलाचे विद्यावेतन थांबले. १७ जानेवारी २०१६ ला तो आपल्यातून गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतील विद्यार्थी शुल्कसवलतीसाठी संपावर गेले. बार्टीच्या फेलोशिपसाठी आमच्या लेकरांनी आझाद मैदानावर दिवसेंदिवस ठाण मांडले. त्यांना काय मिळाले? ‘समान धोरणा’च्या नावाखाली २०० जागांची मर्यादा!

परदेशी शिष्यवृत्तीची कथा तर आणखी बोलकी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. म्हणजे दलित म्हाताऱ्यांच्या जगण्यावर परदेशात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज विषय पाहूनच बाद. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले आणि १९१६ मध्ये तिथे त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. हा नियम तेव्हा असता, तर त्या विषयाला एक पैसाही मिळाला नसता! विषयाला एवढे घाबरण्याचे कारण काय, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

आमच्यातलेच काही जण विचारतील की, तरुणांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही म्हाताऱ्यांचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण १९५६ ला धम्मदीक्षेच्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज ऐंशी पार आहेत किंवा आपल्यातून गेले आहेत. १९७२ ला पँथरमध्ये विशीत उतरलेले आज सत्तरीपुढे आहेत. नामांतरासाठी सोळा वर्षे लाठ्या खाल्लेल्यांचे गुडघे आता चालत नाहीत. त्यांची औषधे कोण आणते, एकटी राहणारी आई कशावर जगते, हे चळवळीने विचारायचे नाही तर कोणी? शिवाय ज्या समाजाला आपले म्हातारपण मोजता येत नाही, त्याला आपले हक्कही मागता येत नाहीत.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. बार्टीने वृद्धत्वाच्या संशोधनासाठी दरवर्षी काही फेलोशिप राखून ठेवाव्यात आणि विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला द्यावे. केंद्राने विषयबंदी मागे घ्यावी. झालेले संशोधन मराठीतून वस्तीपर्यंत आणावे.

सरकारच्या तोंडाकडे पाहत बसण्याचेही कारण नाही. आमच्या नोकरदार वर्गाने, कर्मचारी संघटनांनी, विहारांच्या समित्यांनी जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा बाजूला काढावा. एका जिल्ह्यातून एका विद्यार्थ्याच्या प्रवासाचा, झेरॉक्सचा आणि खानावळीचा खर्च उचलला, तरी एक तालुका मोजून होईल. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, ते नुसत्या नोकरीसाठी नव्हे. आपल्या माणसांचे आयुष्य कुठे आणि कोणी कापले, हे पुराव्यानिशी मांडण्यासाठीही शिकायचे आहे. या कामाला उशीर परवडणारा नाही. ज्यांना विचारायचे आहे, ती माणसे रोज कमी होत आहेत.