ध्वनिमुद्रणाने भागत नाही



मागील अंकातील पत्रलेखक म्हणतात की, अफगाण संगीत वाचवायचे तर जुन्या ध्वनिफिती संगणकावर उतरवून ठेवाव्यात. जरूर ठेवाव्यात, पण रबाब त्याने वाजता राहत नाही. तुतीच्या लाकडाच्या, चामडे मढवलेल्या या वाद्याच्या तरफेच्या तारा लावायला बोट गुरूसमोर बसूनच शिकते. काबूलच्या खराबात या वादकांच्या मोहल्ल्यात उस्ताद शागिर्दाच्या मनगटाला धागा बांधत, आपल्या गंडाबंधनासारखाच. नवल नाही: तिथली बरीच घराणी 1860च्या दशकात अमीर शेर अली खानच्या दरबारी हिंदुस्थानातून गेलेल्या कलावंतांची, आणि आपला सरोद रबाबाचा वंशज.

'इस्लाममध्येच संगीत निषिद्ध' हे पत्रलेखकाचे वाक्य मात्र सरसकट झाले. तो वाद उलेमांमध्येही मिटलेला नाही, आणि चिश्ती सूफींच्या खानकाहांत समाची, म्हणजे भक्तिसंगीताच्या मैफलीची, परंपरा शतकांची आहे. बंदी तालिबानची. संगीत-अभ्यासक अहमद सरमस्त यांनी 2010मध्ये काबूलला सुरू केलेली संगीतशाळा 2021मध्ये तालिबान सत्तेवर आल्यावर पोर्तुगालला हलली. मुले वाचली, शिक्षणही चालू आहे. पण लग्नघरची बिदागी, रात्रभर जागणारे श्रोते, चुकल्यावर शेजारून ओरडणारा म्हातारा वादक, हे सामान विमानात कसे चढवायचे?

एक वाचक, मिरज