हळदीचा अभिमान आणि पुराव्याची कसोटी

नागपूरच्या सदर भागातील घरांत कोणी आजारी पडले की हळदीचे दूध आधी येते, डॉक्टर मागाहून. निदान कर्करोगाचे असेल, तेव्हा मात्र या विश्वासाची खरी परीक्षा असते.

कर्कपेशी ‘एक्झोसोम’ नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या शरीरात सोडतात. सुमारे ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पिशव्या म्हणजे जणू शत्रूचे जासूदच! प्रथिने व आरएनए यांच्या रूपाने संदेश पोहोचवून त्या शरीराच्या रक्षक पेशींना निष्प्रभ करू शकतात. अमेरिकेत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, उंदराच्या स्तनकर्करोगाच्या पेशींवर हळदीतील कुरकुमिनची प्रक्रिया केली असता त्यांच्या एक्झोसोमचा हा प्रभाव काही अंशी ओसरल्याचे आढळले.

वार्ता सुखावणारी आहे. पण काचपात्र म्हणजे रुग्णाचे शरीर नव्हे. पोटात गेलेले कुरकुमिन रक्तात अत्यल्प उतरते आणि हळदीने कर्करोग बरा होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. तिच्या भरवशावर शस्त्रक्रिया वा केमोथेरपी लांबणीवर टाकणे हा परंपरेचा आदर नव्हे, आप्ताच्या जिवाशी खेळ आहे.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हळदीवरील अमेरिकी पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तो विजय घोषणांचा नव्हता, लेखी पुराव्यांचा होता. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. ज्या भूमीत हळद पिकते, तिथेच तिची कठोर परीक्षाही व्हावी. स्वाभिमानाला पुराव्याचे भय कशाला?