ओहम बरोबर आहे, पण छातीचं काय?



मागच्या महिन्यात नांदेडच्या माझ्या ओपीडीत एक मुलगा आला. लातूरला राहून 'नीट'ची तयारी करतो. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) तीन आठवडे कोरडा खोकला, जिना चढला की दम लागतो, रात्री झोप नाही. सोबत वडील होते, शेतकरी. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड धातूचे नळकांडे काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"सर, तंबाखू खात नाही म्हणायलाय, सिगारेट ओढत नाही म्हणायलाय. मग हे काय ओढायलाय?"

मुलगा खाली मान घालून बसला होता, पण या प्रश्नावर एकदम बोलला. "सर, व्हेप आहे. आणि मी तयार कॉईल वापरत नाही, स्वतः बांधतो. मीटरवर मोजून बरोबर ०.५ ओहमवर आणतो. त्यामुळे सेफ आहे."

आजचा लेख या शेवटच्या वाक्यावर आहे. कारण हे वाक्य ऐकायला अगदी शास्त्रीय वाटते आणि आरोग्याच्या दृष्टीने त्यात काहीच अर्थ नाही.

ही कॉईल म्हणजे काय?

घरातली इलेक्ट्रिक शेगडी आठवा. तिच्यात नायक्रोमची वेटोळी तार असते. वीज गेली की ती लाल होते. व्हेपमध्ये तशीच, पण बोटाच्या पेरापेक्षा लहान तार असते. तिच्या पोटातून कापसाची वात घातलेली असते. वात पातळ द्रव शोषते, बॅटरीची वीज तारेतून जाते, द्रव तापतो आणि त्याचा धूर छातीत ओढला जातो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायने आणि बहुतेक वेळा निकोटिन असते.

तयार कॉईल खराब झाली की फेकतात. हौशी मुले मात्र तार विकत आणून स्वतः वेटोळी करतात. वेढे वाढवले की तार लांबते आणि रोध वाढतो. जाड तार घेतली की रोध कमी होतो. दोन सारख्या कॉईल शेजारी शेजारी जोडल्या की रोध निम्मा होतो. रोध कमी म्हणजे वीज जास्त, उष्णता जास्त, धूर जास्त. धुराच्या ढगासाठी हा सगळा खटाटोप.

शेगडीची तार तुटली की आपल्याकडे तोडून, पीळ देऊन पुन्हा जोडतात. ती आधीपेक्षा जास्त लाल होते, हे होस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. तार आखूड झाली, रोध घटला, वीज वाढली. गणित तेच.

ओहम मोजून काय कळते?

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. ओहम मोजण्याला उपयोग आहे, पण तो बॅटरीसाठी.

पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा असतो. कॉईल ०.५ ओहमची असेल तर ४.२ भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपिअर वीज वाहते. तीच कॉईल ०.२ ओहमची केली तर २१ अँपिअर. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल साधारण चार-पाच अँपिअरसाठीच बनवलेले असतात. त्यांच्यातून २१ अँपिअर ओढणे म्हणजे बैलाला ट्रकचा माल ओढायला लावणे. सेल तापतो, फुगतो, फुटतो. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासात व्हेपचा स्फोट होऊन माणसे मेली आहेत.

आणि मोजमाप तरी किती खरे? साध्या मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून बघा. शून्याऐवजी बऱ्याचदा ०.२ किंवा ०.३ दिसते. तो रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा. म्हणजे मीटरने ०.५ दाखवले तेव्हा कॉईल प्रत्यक्षात ०.२ ची असू शकते. स्क्रू थोडा सैल झाला तरी आकडा बदलतो.

मीटरला काय दिसत नाही?

आता मुद्द्याचे. मीटर पूर्ण तारेचा मिळून एकच आकडा देतो. एखादा वेढा दुसऱ्याला टेकून किंवा स्क्रूपाशी दबून तेवढ्याच जागी तार जास्त तापत असेल, तर ते त्या आकड्यात दिसेलच असे नाही. वात कोरडी पडली आहे का, हे मीटरला कळत नाही. कोरडी वात जास्त तापते आणि तेच ग्लिसरीन-ग्लायकॉल मोडून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिन तयार होतात. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. ॲक्रोलिन श्वासनलिकेला भाजून काढते.

धातूंचे काय? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ व्हेप वापरणाऱ्यांची स्वतःची यंत्रे तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू अगदी कमी होते. तोच द्रव कॉईलवरून गेल्यावर धुरात शिसे, क्रोमियम, निकेल वाढलेले सापडले. म्हणजे धातू यंत्रातून येत होते, आणि तापणाऱ्या कॉईलवर पहिला संशय जातो. तुम्ही कौतुकाने मोजता ती तारच थोडी थोडी तुमच्या फुप्फुसात जाऊ शकते. तिचा रोध ०.५ असो की १.५, मीटर याबद्दल गप्प.

आणि निकोटिन? त्याला ओहम नसतो. तो मुलगा म्हणाला, "सर, ओढलं की अभ्यासात लक्ष लागतं." बाळा, लक्ष लागत नाही. निकोटिन उतरले की बेचैनी येते, पुन्हा ओढले की ती बेचैनी जाते. आधी व्हेपने तुझे लक्ष काढून घेतले, आता ते तुला उसने देतो आहे. बारा तास अभ्यास करणाऱ्या मुलाचे याहून मोठे नुकसान कोणते?

"पण सर, इंग्लंडमध्ये तर डॉक्टरच देतात!"

हा युक्तिवाद मला दर वेळी ऐकवला जातो. तो अर्धा खरा आहे. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्याने ती पूर्ण सोडून व्हेप घेतला तर त्याचा धोका कमी होतो, आणि काही जणांची सिगारेट त्याने सुटते. पण तिथे निकोटिनला मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची कायद्याने मर्यादा आहे, बाटलीवर काय आहे ते लिहिलेले असते. तुमच्या बाटलीत काय आहे, हे विकणाऱ्याला तरी माहीत आहे का? आणि मुख्य म्हणजे, तुम्ही सिगारेट सोडायला व्हेप धरला होता का? माझ्यासमोर बसलेल्या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. मराठवाड्यात तंबाखू ओढण्यापेक्षा चुना लावून खाल्ली जास्त जाते. इंग्लंडचे औषध आपण ज्याला तो आजारच नाही त्याला पाजतो आहोत.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात बंद आहे. पूर्ण यंत्रच नव्हे, त्याचे सुटे भागसुद्धा. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि तिचे काय झाले ते आपण रोज टपरीवर पाहतो. म्हणून कायद्यावर विसंबून राहू नका. घरात बोला.

आता काय करायचे?

पालकांनो, मारहाण करू नका. मुलगा यंत्र लपवेल, सवय सुटणार नाही. गोड वास, सतत खोकला, गादीखाली तारेचे रीळ, कापूस, लहान स्क्रू-ड्रायव्हर दिसला तर शांतपणे विचारा.

मुलांनो, पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप उडते. तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. गरज पडली तर निकोटिनचे च्युइंगम किंवा गोळ्या असतात, पण डॉक्टरांना विचारून. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. डॉक्टरांपासून काही लपवू नका. तुम्ही सांगितलेले आमच्याजवळच राहते.

द्रवाची बाटली घरात लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. एखादा घोटही जिवावर बेतू शकतो. प्यायले तर उलटी करवत बसू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात ठेवू नका.

खोकल्यासोबत धाप, ताप किंवा छातीत दुखत असेल तर त्याच दिवशी तपासून घ्या, आणि व्हेप ओढतो हे आधी सांगा.

त्या मुलाच्या बोटाला मी ऑक्सिमीटर लावला. ९६ आले. तो हसला, "नॉर्मल आहे ना सर?" मी म्हटले, आज आहे. पण आता मोजायचेच असेल तर हे मोज: सकाळी उठल्यापासून पहिला झुरका घेईपर्यंत किती मिनिटे जातात?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाच."

निकोटिनची सवय किती खोल गेली, हे आम्ही डॉक्टर याच प्रश्नावरून ओळखतो. ओहम मोजणाऱ्या प्रत्येकाने एकदा हा आकडा मोजून पाहावा.