मांडीवरचे बाळ

आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या अरण्यमार्गावर गाडीत बसलेली माता तान्ह्याला मांडीवर घट्ट धरते. तिच्या मायेविषयी कोणास शंका येईल? परंतु केवळ मायेने बाळाचे रक्षण होत नाही. १९९५ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांची शुश्रूषा घरोघरी आरंभिली. गावच्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. त्या बाळाचे श्वास मोजीत, अशक्त बाळाला उबदार पिशवीत ठेवीत. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले!

बाळाला नेहमी उताणे निजवावे. आईजवळच, पण वेगळ्या, सपाट अंथरुणावर. उशी नको, तोंडावर पांघरूण नको. चुलीचा व विडीचा धूरही नको.

प्रवासाविषयी मात्र अजून फारसे कोणी बोलत नाही. गाडी अवचित थांबली, की मांडीवरचे बाळ कोणत्याही हातांना आवरत नाही. त्याला मागील बाकावर, तोंड मागे करून, पट्ट्यांच्या बालआसनातच ठेवावे. असे आसन महाग असते, हे खरे. आदिवासी मातेने ते आणावे कोठून? २०११ च्या सरकारी योजनेनुसार प्रसूत मातेला बाळासह रुग्णालयातून विनामूल्य घरी पोचविले जाते. त्या गाडीत तरी ते असावयास हवे.