स्कोअर लंडनचा, शरीर सातपुड्याचे

गणिताला जात नसते, असे सांगणारे आता दवाखान्यातही भेटतात. विषाणूजन्य न्यूमोनियाचा रुग्ण तातडीच्या विभागात आला की त्याच्या मृत्यूचा धोका स्कोअरने काढायचा. जास्त स्कोअर असेल तर अतिदक्षता विभाग, कमी असेल तर घरी उपचार. डॉक्टरचा पूर्वग्रह मध्ये येत नाही, हा दावा. आम्ही बाबासाहेबांची माणसे, विज्ञानाला नाही म्हणणार नाही. पण गुण कशाला देता, हे विचारणार.

२००३ चा 'कर्ब-६५' घ्या. भ्रम, रक्तातले युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, घसरलेला रक्तदाब आणि ६५ किंवा जास्त वय, प्रत्येकी एक गुण. तो बांधला ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्सच्या रुग्णांवर. कोविडमध्ये २०२० साली आलेला 'फोर-सी' इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सच्या २६० रुग्णालयांतून आला. त्यात सोबतच्या आजारांत लठ्ठपणा मोजतात. कुपोषण मोजत नाहीत. ज्यांच्यासाठी बनवला त्यांच्यासाठी ते ठीकच आहे.

तोच कागद आता धडगावला आणा. समजा, गुजरातेत ऊसतोड करून परतलेली चाळिशीची पावरा बाई आहे. रक्त कमी, वजन कमी, धाप लागलेली, पण श्वास अजून २८. वयाचे गुण नगण्य. मधुमेह, किडनी कधी तपासलेच नाही, म्हणून तिथे शून्य. सिकलसेलचा रकानाच नाही, आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात तो आजार घरोघरी माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या छातीत संसर्ग शिरला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. कागद म्हणतो, धोका कमी. आजार नसणे आणि आजार कधी तपासलाच नसणे, दोन्हीला एकच शून्य! यालाच तटस्थता म्हणायचे का?

जातीचा रकाना नाही म्हणून भेदभाव नाही, हे आपण नोकरीच्या मुलाखतीतही ऐकले आहे. अमेरिकेत २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात एका अल्गोरिदमची चिरफाड छापून आली. त्याला वंश सांगितलाच नव्हता. उपचारावर किती खर्च झाला यावरून तो आजार किती हे ठरवत होता. काळ्या रुग्णांवर खर्चच कमी व्हायचा, म्हणून समान स्कोअरला ते प्रत्यक्षात जास्त आजारी निघाले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही निर्दोष नाही. तिथल्याच २०२० च्या अभ्यासात काळ्या रुग्णांची लपलेली ऑक्सिजन-कमतरता गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा निसटली होती.

शिवाय ही मॉडेल दवाखान्यात पोचलेल्यांवर शिकतात. अक्कलकुवा-अक्राणीच्या ज्या पाड्यावर रस्ता नाही, तिथून रुग्ण बांबूच्या झोळीत निघतो. वाटेत गेला तर तो कुठल्याच आकड्यात नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के आदिवासी असलेल्या जिल्ह्याची ही गोष्ट आहे.

याच जिल्ह्याने धोका ओळखायची दुसरी रीतही दाखवली. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, स्वतः भिल्ल समाजातले आणि एमबीबीएस. पहिली लाट ओसरत असताना त्यांनी दुसरी येणार हे धरले आणि सप्टेंबर २०२० पासून ऑक्सिजन प्लांट उभे करायला घेतले. एप्रिल २०२१ मध्ये मोठी शहरे सिलिंडरसाठी वणवण करत होती तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा प्राणवायू होता. तेही भाकीतच होते. फरक एवढा की कोणाला खाट नाकारायची यासाठी ते केले नव्हते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बाहेरचा स्कोअर वापरायचा तर आधी तो नंदुरबार-धुळ्याच्या रुग्णांवर तपासा. हिमोग्लोबिन, दंडाचा घेर, सिकलसेल आणि पाड्यावरून दवाखान्यात यायला लागलेले तास त्यात घ्या. कमी स्कोअर हे खाट नाकारण्याचे कारण होता कामा नये.

तरुणांनो, आपापल्या तालुक्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. न्यूमोनियाचा रुग्ण भरती करायचा की घरी पाठवायचा, हे कोणत्या निकषावर ठरते? आणि घरी पाठवलेल्यांपैकी किती जण पुढच्या आठवड्यात गेले, याची नोंद कोण ठेवते?

जय भीम. जय आदिवासी.